टर्बो की सुपरचार्जर : पहिला जॉब बाहेर पडेपर्यंतचा हिशेब

माझ्या गाडीच्या इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवायची होती. त्यासाठी टर्बोचं किट ४,३०० डॉलरला आणि सुपरचार्जरचं ५,२०० ला. एवढ्यावरच ठरवायचं असतं तर त्याच रात्री टर्बोची ऑर्डर देऊन मी मोकळा झालो असतो. मनही टर्बोकडेच होतं. पण रविवारी सकाळी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून कोल्हापूरला फोन लागला, बोलता बोलता मी आण्णांना दोन्ही आकडे सांगितले आणि त्यांनी विचारलं, "हे नुसतं मशीन झालं. पहिला जॉब बाहेर पडेपर्यंत किती?"

आण्णांचं शिवाजी उद्यमनगरात चार लेथचं वर्कशॉप आहे. नवं मशीन घ्यायचं म्हटलं की त्यांचा हा प्रश्न ठरलेला; जॉब म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग. क्रेनचं भाडं, फाउंडेशन, वायरिंग, टूलिंग, ऑपरेटरचा हात बसेपर्यंत वाया जाणारा माल, हे सगळं ते आधी वहीत लिहितात आणि मगच कोटेशन उघडून बघतात. लहानपणी मला ते फार किचकट वाटायचं. आता माझ्यासमोरही वही होती आणि त्यात फक्त दोन आकडे होते.

गाडी २०१३ ची सायन एफआर-एस. टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली ही गाडी. टोयोटाने २०१६ मध्ये सायन हे नाव बंद केलं आणि तीच गाडी पुढे अमेरिकेत टोयोटा ८६ म्हणून विकली गेली. दोन लिटरचं चार सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, पिस्टन समोरासमोर आडवे, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ८६. ताकद २०० हॉर्सपॉवर, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, ओढ मागच्या चाकांना. वळणावर या गाडीइतकं सरळ, खरं बोलणारं स्टिअरिंग मी दुसऱ्या गाडीत अनुभवलेलं नाही. दुखणं एकच. ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) मधे टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, खड्ड्यात जातो. वळणातून बाहेर पडताना नेमका तिथेच काटा असतो, पाय पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी श्वास घेत बसते. विलोजच्या थंडरहिल ट्रॅकवर वर्षातून चार-पाच वेळा जायचो, आणि दरवेळी घरी येताना डोक्यात तोच खड्डा असायचा.

माझ्यासमोर उपाय दोन, आणि दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबायचे. सुपरचार्जर हे काम क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून पट्टा घेऊन करतो, म्हणजे तयार केलेल्या ताकदीतली थोडी तो स्वतःच खातो. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. आल्फ्रेड बुची या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. वाया जाणारी ऊर्जा परत कामाला लावण्याची ती कल्पना मला आजही थरारून सोडते. आंबा घाटात चढणीला लागलेल्या ट्रकची शीळ ऐकत मोठा झालेला माणूस टर्बोच्या प्रेमात पडणार, यात नवल नाही.

त्यात मिशिगनची भेट झाली. नोव्हायला माझा कॉलेजचा मित्र राहतो, मूळचा नाशिकचा. त्याच्याकडे हीच गाडी, सुबारूच्या नावाची बीआरझेड, आणि तिला टर्बो. ऑफिसच्या कामाने गेलो होतो, संध्याकाळी त्याने चावी हातात ठेवली. तिसऱ्या गिअरमध्ये ३,२०० आरपीएमला पाय दाबला आणि जिथे माझी गाडी बसते तिथे ही उठली. छातीवर हात ठेवून कुणी मागे सीटमध्ये दाबावं तसं. खड्डा नावाला शिल्लक नव्हता. परतताना विमानात मी किटची नावं लिहून काढत होतो.

पण त्याचा खर्च माझ्या वहीत तसाच उतरवता येणार नाही, हे मला उशिरा उमगलं. त्याच्याकडे घराला जोडून दोन गाड्यांचं गॅरेज, लिफ्ट, आणि हातात पाना धरायची हौस. मजुरी शून्य. मी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, पार्किंगमध्ये इंजिन ऑइल बदललं तरी नोटीस येते. शिवाय मिशिगनमध्ये गाड्यांची धुराची तपासणीच नाही. कॅलिफोर्नियात आहे, आणि तीच पुढे माझ्या हिशेबातली सगळ्यात जड नोंद ठरली.

महिनाभर संध्याकाळच्या संध्याकाळ मी या वहीत घातल्या. सॅन होजेमधल्या तीन वर्कशॉपमध्ये गेलो, समोर बसून तास विचारले. टर्बोची बाजू आधी भरली, कारण मला ती जिंकायला हवी होती.

किट ४,३००. सँटा क्लारा काउंटीचा सेल्स टॅक्स नऊ टक्क्यांच्या वर, तो ३९२. आता किटच्या खोक्यात काय नाही ते बघा. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, प्रोग्रॅमिंग नाही. त्यासाठी लागणारं यंत्र आणि डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बसून केलेलं ट्यूनिंग मिळून १,१५०. पेट्रोल वाढवायला मोठे इंजेक्टर आणि पंप ७००. एक पायरी थंड स्पार्क प्लग, गॅस्केट, ऑइल, कूलंट २६०. उष्णतेचं आवरण १५०. बसवायला अठरा तास, तासाला १४५ डॉलर, म्हणजे २,६१०. एवढे तास का, असं मी विचारलं तेव्हा तिथल्या फोरमनने गाडी लिफ्टवर घेऊन दाखवलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढायचा, त्याचे जुने नट गंजलेले असतात, एखादा स्टड तुटणार हे धरूनच चालायचं. टर्बोला इंजिनचं ऑइल पोचवणारी लाइन आणि ते परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये आणणारी लाइन टाकायची. टर्बाइनचं घर तापून लाल होतं, म्हणून आजूबाजूच्या वायरी, नळ्या हलवायच्या, झाकायच्या.

आणि क्लच. मिशिगनमध्ये छातीवर जो हात पडला होता त्याची ही किंमत. टर्बो मधल्या आरपीएमला एकदम टॉर्क देतो आणि कंपनीची क्लच प्लेट तिथे घसरायला लागते. नवा क्लच ६२० आणि गिअरबॉक्स उतरवून बसवायचे सात तास, १,०१५. ऑइल कूलर ६४० चा, तो दोन्हीकडे लागणारच होता, कारण या इंजिनाचं ऑइल ट्रॅकवर काही न लावताही तापतं.

बेरीज ११,८३७.

मी ती दोनदा केली. ४,३०० चं मशीन, आणि पहिला जॉब बाहेर पडेपर्यंत त्याची जवळपास पावणेतीन पट.

सुपरचार्जरच्या बाजूला किट ५,२००, टॅक्स ४७५, बसवायला बारा तास म्हणजे १,७४०, प्लग आणि ऑइल १८०, तोच ऑइल कूलर ६४०. बेरीज ८,२३५. ट्यूनिंग किटमध्येच आलेलं, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही. क्लच बदलायची गरज नाही, आणि त्यामागचं कारण मला बेरजेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते प्रमाण, १२.५ आहे. बिना टर्बोच्या इंजिनाला तो उत्तम, पण वरून हवा कोंबायची म्हटल्यावर फार चढा. त्याच कुळातलं टर्बो इंजिन सुबारूने २०१५ च्या डब्ल्यूआरएक्समध्ये दिलं, त्याचा रेशो १०.६ वर आणून. म्हणजे माझ्या इंजिनात दाब जपूनच द्यावा लागणार. कॅलिफोर्नियातलं महागातलं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, इतर अनेक राज्यांत ९३ मिळतं. तेवढ्या दोन आकड्यांनीही नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिनात बसणाऱ्या ठोक्यांची, हद्द अलीकडे येते. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे, नाजूक. चाकांवर तीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास गेलं की ते वाकल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. रॉडला मारतो तो टॉर्क, कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये अचानक चढलेला दाब. मी बघत होतो तो सुपरचार्जर सेंट्रिफ्युगल प्रकारचा, आरपीएम वाढेल तसा त्याचा दाब चढतो आणि ७,४०० च्या लाल रेषेला सगळ्यात जास्त होतो. त्यामुळे क्लचला आणि रॉडला धक्का बसत नाही. रॉड वाकला तर इंजिन उघडायचं, आणि मग वहीतला हा सगळा हिशेब किरकोळ ठरतो.

पण त्याच कारणाने तो खड्डा भरून निघत नाही. संपूर्ण रेषा वर सरकते, खड्डा त्याच जागी राहतो, फक्त कमी खोल वाटतो. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण विकणारे कुणी हे सांगत नाहीत. खड्डाच बुजवायचा असेल तर रूट्स जातीचा सुपरचार्जर हवा, जो खालपासूनच मोजून हवा ढकलतो. या गाडीसाठी एडलब्रॉक ही कंपनी ईटन कंपनीचं टीव्हीएस नावाचं युनिट घेऊन असं किट करायची. ते माझ्या बजेटच्या बाहेर होतं, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

आता धुराच्या तपासणीचं. कॅलिफोर्नियात आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी होते. इंजिनात बदल करणारा कुठलाही भाग लावायचा तर त्याला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाची मंजुरी, एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा नंबर, लागतो. मी हेरलेल्या टर्बो किटला तो नंबर नव्हता, सुपरचार्जर किटला होता. जुलै २०२१ पासून तपासणीत ईसीयूचं सॉफ्टवेअरही बघतात. ते कंपनीचं किंवा मंजूर केलेलं नसेल तर गाडी नापास. म्हणजे डायनोवर खास करून घेतलेलं ट्यूनिंग ही सुद्धा अडचणच.

"तपासणीच्या आधी सगळं काढायचं, नंतर परत बसवायचं," असा सल्ला दोघा-तिघांनी दिला. अठरा तास बसवायचे, तेवढेच जवळपास काढायचे, दर दोन वर्षांनी. पैसा बाजूला ठेवला तरी मला ते पटत नव्हतं. या खोऱ्यातली हवा कडक नियमांनीच सुधारली आहे आणि माझी मुलगी तीच हवा घेते. त्या रात्री मी टर्बोच्या पानावर रेघ मारली. मिशिगनमध्ये स्वतःच्या गॅरेजसह राहत असतो तर रेघ दुसऱ्या पानावर पडली असती, हे मी आजही म्हणतो.

तिसरा पर्याय बायकोने पुढे केला, आणि तो रास्त होता. जुनी गाडी विकून नवी जीआर ८६ घ्यायची. २०२२ पासून तिला २.४ लिटरचं इंजिन आहे, २२८ हॉर्सपॉवर, आणि टॉर्क खालीच मिळत असल्याने तो खड्डा जवळपास गेलेला. वॉरंटी, स्मॉगची चिंता नाही. आम्ही दोघं चालवून आलो. गाडी छान आहे. पण माझी विकून वर घालायची रक्कम सुपरचार्जरच्या दुपटीहून जास्त येत होती. ज्याला जुन्या गाडीचा लोभ नाही त्याने हाच रस्ता धरावा, असं मी खरंच सांगेन. मला लोभ होता.

आण्णांना ८,२३५ चा आकडा सांगितला. डॉलर तेव्हा ८२ रुपयांच्या आसपास होता. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पावणेसात लाख. एवढ्यात हितं जुना सीएनसी येतोय बघ." मग लगेच, "पट्ट्यावर चालतंय म्हणतोस न्हवं? मग फोटो पाठव."

किट आलं तेव्हा मी त्यांना व्हिडिओ कॉलवर प्रत्येक भाग दाखवला. आतलं युनिट डेन्मार्कच्या रोट्रेक्स कंपनीचं. क्रँकचा वेग आतमध्ये कित्येक पट वाढवून पंखा मिनिटाला लाखाच्या घरात फिरवायचा, आणि त्यासाठी गिअरचे दात वापरलेले नाहीत. गुळगुळीत रोलर एकमेकांवर दाबून बसवलेत आणि मधे खास ऑइल. दाबाखाली ते ऑइल इतकं घट्ट होतं की एका रोलरची ओढ दुसऱ्याला जाते. आण्णांना हे पटेना. "दात न्हाईत? मग घसरत कसं न्हाई?" अर्धा तास आम्ही त्या ऑइलवरच बोललो. त्याची टाकी, फिल्टर आणि छोटा कूलर वेगळा असतो, इंजिनच्या ऑइलशी संबंध नाही. फिल्टर आणि ऑइल ठराविक मैलांनी बदलायचं, तो खर्चही मी वहीत चढवला.

वर्कशॉपने दोन दिवसांत गाडी दिली. आधी डायनोवर चाकांवर १६६ हॉर्सपॉवर मोजली होती, नंतर २३८ आली. त्या संध्याकाळी हायवे २८० वर ५,००० आरपीएमच्या पुढे गाडी जी सुटली, ती मला लाल रेषा येईपर्यंत नवीच वाटत राहिली. शीळ होती, टर्बोसारखी नाही, पट्ट्याच्या मशीनची, आरपीएमबरोबर चढत जाणारी.

तीनशे मैलांवर गार इंजिन सुरू करताना चिरचिर आवाज यायला लागला. बॉनेट उघडलं तर पुलीच्या मागच्या प्लास्टिकवर काळा भुसा. वर्कशॉप म्हणालं, नवा पट्टा आहे, बसेल. मी आण्णांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते, चष्मा लावून ते मोबाईलच्या अगदी जवळ आले.

"भुसा नको दाखवू. पट्ट्याची कड दाखव. हां, आता पलीकडची."

एका बाजूची कड कापल्यासारखी धारदार आणि गुळगुळीत होती, दुसरी झिजून धागे निघालेले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"पुली लाइनीत न्हाई. सरळ पट्टी लाव दोन्ही पुल्यांच्या तोंडाला, उजेड दिसतोय का बघ."

पोलादी पट्टी माझ्याकडे होती, घर सोडताना त्यांनीच बॅगेत घातलेली. क्रँकच्या पुलीला टेकवली तर सुपरचार्जरच्या पुलीजवळ फट राहिली. फीलर गेजची, फट मोजायची, पातळ पानं एकावर एक घालत गेलो, दोन मिलिमीटरला फट भरली. ब्रॅकेटच्या मागे किटबरोबर आलेला एक स्पेसर बसवायचा राहिला होता. गाडी परत नेली, त्यांनी मजुरी न घेता ब्रॅकेट खोलून स्पेसर घातला, नवा पट्टा ४८ डॉलरचा मी घेतला. नाही बघितलं असतं तर ट्रॅकवर पट्टा तुटला असता, आणि याच पट्ट्यावर इंजिनची इतर कामंही चालतात.

जुलैत थंडरहिलला गेलो. ४० अंश तापमान. पहिल्या सेशनमध्ये मुख्य सरळ रस्त्याच्या टोकाला ११९ मैलांचा वेग, आधी १०९ च्या वर कधी गेलो नव्हतो. पाचव्या वळणाची चढण, जिथे पलीकडचं काही दिसत नाही, तिथून खाली उतरताना गाडी पूर्वीसारखीच हलकी. दुसऱ्या सेशनमध्ये आत जाणारी हवा तापली आणि ईसीयूने ठिणगीची वेळ मागे ओढली, ताकद जाणवेल इतकी कमी झाली. तीन चक्कर जोरात, एक थंड, असं चालवायला शिकलो. ऑइल कूलरमुळे ऑइल १२० अंशांच्या आत राहिलं. ते ६४० डॉलर सगळ्या हिशेबात मला सगळ्यात सार्थकी लागलेले वाटतात, आणि ज्यांना फक्त ट्रॅकवर जायचंय त्यांनी टर्बो किंवा सुपरचार्जरच्या आधी तोच बसवावा.

विमा कंपनीलाही कळवलं. बाहेरून लावलेल्या भागांचं वेगळं कव्हर घ्यावं लागलं, हप्ता महिन्याला १९ डॉलरनी वाढला. हायवेवर गॅलनला २८ मैल मिळायचे, आता २५. दोन्ही नोंदी वहीत आहेत.

स्मॉग तपासणीला मी थोडा धास्तावूनच गेलो. तपासणाऱ्या बाईंनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, रेडिएटरच्या वर चिकटवलेल्या पट्टीवरचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा नंबर वाचला आणि यादीत शोधला. मग केबल जोडली. पंचवीस मिनिटांत कागद हातात आला. सर्टिफिकेटचे राज्याचे ८ डॉलर २५ सेंट आणि त्यांची फी.

कागदाचा फोटो आण्णांना पाठवला. उत्तर आलं तेव्हा उद्यमनगरात सकाळची पाळी सुरू झाली असणार, मागे लेथचा आवाज होता. "हे झालं. आता पट्ट्याच्या दोन्ही कडा दाखव."

मी तिथेच, स्मॉग स्टेशनच्या अंगणात, पुन्हा बॉनेट उघडलं.